निळी जर्सी

आमच्या घरातील लोखंडी पेटीत आईची पैठणी आहे, आजोबांचा काळा कोट आहे आणि त्यांच्याखाली भारतीय क्रिकेट संघाची एक निळी जर्सी आहे. पैठणीच्या घड्यांत आई कडुनिंबाचा पाला ठेवते. जर्सीला त्याचा उपयोग नाही. कृत्रिम धाग्याला कसर लागत नाही. तिचे शत्रू वेगळे आहेत. पाठीवरचा '१०' हा आकडा उष्णतेने चिकटवलेला. त्यावर घडी पडली की तो तडकतो, इस्त्री फिरली की वितळतो. म्हणून मी त्यावर मलमलचा तुकडा पसरते आणि जर्सी सैल गुंडाळून ठेवते.

हा निळा रंग तसा फार जुना नाही. १९८३ साली कपिल देव यांच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, तो पांढऱ्या कपड्यांत. विश्वचषकात रंगीत पोशाख आले १९९२ मध्ये, आणि भारताच्या वाट्याला गडद निळा आला. पुढे छटा बदलत गेल्या, प्रायोजकांची नावे आली आणि गेली. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमला इंग्लंडविरुद्ध एकाच सामन्यापुरता संघ नारिंगी रंगात उतरला, तर त्यावर केवढा वाद झाला! जेमतेम तीन दशकांच्या परंपरेविषयी माणसे इतकी हळवी होऊ शकतात, याचे मला तेव्हा नवल वाटले होते.

आमची जर्सी २०११ची. वानखेडेवरील अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात दादाने ती रस्त्यावरून घेतली. वर्षभराने ती माझ्याकडे आली. मी तेव्हा पंधरा वर्षांची, अंगाने काटकुळी. आईने खांदे उसवले, बाजू आत घेतल्या, बाह्या आखूड केल्या. ती घालून मी मुलांच्या संघात खेळले. कुणी हसले तर वाटे, शिवण उघडी पडली असावी.

पुढे क्रिकेट मंडळाच्या प्रशासक समितीचे प्रमुख राहिलेले विनोद राय यांनी एका मुलाखतीत सांगितले, की महिला खेळाडूंसाठी पुरुषांचे गणवेश कापून पुन्हा शिवले जात असत. ते वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसले. आमच्या घरी जे ओढगस्तीपायी आणि प्रेमाने झाले, ते देशाच्या संघातही घडत होते. तिथे ओढगस्ती नव्हती, प्रेमाविषयी मी काय बोलावे!

पुण्याच्या क्रिकेट संग्रहालयात स्वाक्षऱ्यांच्या जर्सी जपून ठेवलेल्या आहेत. त्या जपायलाच हव्यात. मात्र कापून शिवलेला एखादा गणवेशही तिथे असावा, असे मला वाटते. आतली शिवण दिसेल असा, उलटा टांगलेला.

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. दुसऱ्या दिवशी माझ्या भाचीने पेटी उघडली. वय बारा, खांदे माझ्याहून रुंद. जर्सी तिच्या गळ्यातून खाली उतरेना. मी म्हटले, "ओढू नकोस, आकडा तडकेल. तुला नवी घेऊ, मुलींच्या मापाची मिळते आता."

"नवी घ्याच," ती म्हणाली, "पण आत्या, मला हीपण हवी."

आईने चष्मा लावला, जर्सी उलटी केली आणि बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "उसवता येईल," ती म्हणाली. "तेव्हा कापलं नव्हतं मी. आत दोन बोटं माया ठेवली आहे."