विरजण

खडकीत वाढलेल्या माणसाला स्थलांतराचे फारसे अप्रूप नसते. गाव जागचे हलत नाही, माणसे मात्र सतत हलत असतात. १८६९ साली उभा राहिलेला दारूगोळा कारखाना आणि भोवतीची लष्करी छावणी यांमुळे येथल्या अनेक घरांत बदलीचा कागद हा कुटुंबाचा एक सदस्यच असे. माझे वडील कारखान्यात होते. आमच्या क्वार्टर्समध्ये कोणी जबलपूरहून येई, कोणी अंबरनाथला जाई. एकदा वरणगावहून बदलून आलेल्या काकू पहिल्याच संध्याकाळी हातात वाटी घेऊन आमच्या दाराशी उभ्या राहिल्या. "वहिनी, विरजण आहे का थोडं?" आईने चमचाभर दही दिले आणि त्या क्षणापासून काकू आमच्या झाल्या. त्यांच्या आसपासच आलेले दुसरे एक कुटुंब होते. आपल्या आधीच्या गावी पाणी कसे गोड होते, शेजार कसा सुसंस्कृत होता, हे ते सर्वांना ऐकवीत. माणसे वाईट नव्हती. पण तीन वर्षांनी बदली होऊन गेली तेव्हाही ती आम्हांला नवीनच वाटत होती.

या दोन घरांची आठवण मला फार उशिरा, आणि अगदी वेगळ्या संदर्भात झाली.

२००४ साली सुरू झालेल्या ऑर्कुटवर मराठी साहित्याविषयीच्या एका लहानशा समूहात मी काही वर्षे लिहीत होतो. लिहिणे बहुतांशी रोमन लिपीतच चाले. तेथे एक वाचक होते. त्यांचे खरे नाव मला कधीच कळले नाही. एक टोपणनाव आणि चित्राच्या जागी झाडाचे छायाचित्र, एवढीच ओळख. मी काहीही लिहिले, की दोन दिवसांनी त्यांचा प्रतिसाद येई आणि तो बहुधा प्रश्नाच्या रूपात असे. हा शब्द तुम्ही कोणत्या अर्थाने वापरला? हे विधान सर्वच ग्रामीण कथेला लागू होते का? सुरुवातीला मला त्यांचा राग येई. पुढे पुढे मी लिहितानाच त्यांचा प्रश्न काय असेल, हे मनाशी धरू लागलो. माझ्या गद्याला जी काही शिस्त लागली, ती त्यांच्यामुळे.

३० जून २०१४ रोजी घोषणा झाली आणि ३० सप्टेंबरला ऑर्कुट बंद झाले. मध्ये पूर्ण तीन महिने होते. त्या तीन महिन्यांत मी माझा शब्द न् शब्द उतरवून घेतला. त्यांचा पत्ता मात्र विचारला नाही. विसरलो, असे म्हणणे खोटे ठरेल. माझे लेखन वाचले म्हणजे सारे वाचले, अशी माझी समजूत होती. सार्वजनिक समूहांतील जुन्या चर्चा त्यानंतरही काही काळ वाचता येत होत्या. एका रात्री मी त्यांचा एक अनुत्तरित प्रश्न वाचला. उत्तर मला ठाऊक होते. पण ते लिहिण्याची सोय उरली नव्हती.

मराठीत जाण्यासाठी दुसऱ्या जागा नव्हत्या असे नाही. १९९६ मध्ये मायबोली, २००४ मध्ये मनोगत, २००७ मध्ये उपक्रम आणि मिसळपाव, २०११ मध्ये ऐसी अक्षरे अशी संकेतस्थळांची एक परंपराच तोवर तयार झाली होती आणि नव्या जागी आधीच्या जागेवरची माणसे भेटत. अशाच एका स्थळाचे सदस्यत्व मी घेतले. तेथे सारा व्यवहार देवनागरीत होता, म्हणून जुने लेख पुन्हा टंकित करावे लागले. त्या कामात एक गोष्ट ध्यानात आली. लेखांत जागोजागी 'मागे म्हटल्याप्रमाणे', 'येथे कोणी आक्षेप घेईल' अशी वाक्ये होती. तो 'कोणी' आता कोठेच नव्हता. माझा म्हणून जो मजकूर मी आणला होता, त्यातला निम्मा संवाद होता आणि माझ्याकडे एकाच बाजूची वाक्ये होती.

नियतकालिकांच्या बाबतीत हे आपण पाहिलेले आहे. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाले. अंक ग्रंथालयांत आहेत, त्यांवर प्रबंध लिहिता येतात. परंतु पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक बांधीव खंडांत सापडत नाही.

तरीही मी एका आठवड्यात अकरा लेख प्रकाशित केले. चार-दोन सौजन्याचे प्रतिसाद आले, एकाने शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मी मनातल्या मनात येथील वाचकांना उथळ ठरवले आणि जुन्या समूहाचे गुणगान करणारा बारावा लेख लिहायला घेतला. तो अर्ध्यावर असताना ते गोड पाण्याचे कुटुंब आठवले.

लेख मी तसाच सोडला. त्याऐवजी लहानपणापासून पडलेला एक प्रश्न विचारला : ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईला कोणी खडकीची म्हणते, कोणी गणेशखिंडीची, असे का? दोन दिवसांत तीस-चाळीस प्रतिसाद आले. इंग्रजांची फौज खडकीला होती आणि लढाई गणेशखिंडीच्या बाजूच्या, म्हणजे आजच्या विद्यापीठाकडच्या मैदानावर झाली, असे एकाने समजावले. बापू गोखल्यांच्या डावपेचांवर दोघांचे जुंपले. दुसऱ्या बाजीरावाकडे मराठी कादंबरीने कसे पाहिले, या वळणावर ना. सं. इनामदारांच्या 'मंत्रावेगळा'चा विषय निघाला आणि पर्वतीवरून लढाई पाहणारा पेशवा भित्रा की हतबल, यावर चर्चा आठवडाभर चालली. आपल्याच गावाविषयीचे माझे अज्ञान चारचौघांत उघडे पडले होते. पण माझ्या नावाने कोणी मला प्रथमच हाक मारली, ती या चर्चेत.

पुढे काही महिन्यांनी भलत्याच विषयावर एका बाईंनी लिहिले, "हे तर तुमच्या खडकीच्या प्रश्नासारखंच झालं." त्या वाक्याने मला जो आनंद झाला, तो कोणत्याही स्तुतीने झाला नसता. त्या जागी मला भूतकाळ मिळाला होता.

याचा अर्थ जुने नुकसान भरून निघाले, असा नाही. ते झाडाचे छायाचित्र मी अजूनही परक्या सदस्यांच्या नावांशेजारी शोधतो. ते कदाचित दुसऱ्या नावाने कोठे लिहीतही असतील.

मागच्या पावसाळ्यात आमच्या स्थळावर एक नवे सदस्य आले आणि त्यांनी एकाच संध्याकाळी सात लेख टाकले. सगळे लांबलचक, सगळ्यांत 'मागे म्हटल्याप्रमाणे'. कोणी फिरकले नाही. मी त्यांतला तिसरा लेख पुन्हा एकदा सावकाश वाचला, एका शब्दापाशी थांबलो आणि खाली लिहिले : हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरला आहे?