ससा कुणाच्या हाती

मेहर, दागिने, शिलाई मशीन, पितळी पराती, लोखंडी कपाट. या यादीबद्दल वाद नाही. 1986 च्या मुस्लिम महिला कायद्याचं कलम 3 सांगतं, की लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर माहेरच्यांनी, नवऱ्याने, सासरच्यांनी जे दिलं ते घटस्फोटानंतर तिचंच. शरियतही वेगळं सांगत नाही. बायकोला ढीगभर सोनं दिलं असलं तरी त्यातलं काही परत घेऊ नका, असं कुरआनच्या चौथ्या सुऱ्यात आहे.

माझं मन अडतं ते तलाक झालेल्या आपांनी जपलेल्या, कारंजा तालुक्यातल्या संत्र्याच्या बागेपाशी. ती कुणी कुणाला दिलेली नाही, म्हणून ती यादीत नाही. सातबारा नवऱ्याच्या नावावर. कलमं लावली तेव्हा आळी आपांनी केली. संत्र्याला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवरचे सगळे उन्हाळे त्यांनी पाण्याच्या मागे काढले. बुंध्याला डिंक्या लागू नये म्हणून किलोभर मोरचूद, किलोभर चुना, दहा लिटर पाणी असं कालवून फासायचं. त्या दिवसांत आपांच्या नखांच्या कडा निळ्या दिसायच्या.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं आपल्याकडे म्हणतात. पण ससा हाती येतो कसा? एका अंगाला वाघूर लावून पारधी दबा धरून बसतो. दुसऱ्या अंगाने हाकारे झुडपं बडवत, काटे तुडवत येतात. सशाला गवतातून उठवतात ते हाकारे. तो जाळ्यात पडल्यावर कान धरून वर उचलणारा एकच असतो, आणि गावाला दिसतो तोच. म्हणीत हाकाऱ्यांचं नाव नाही, वाघूर विणणाऱ्याचंही नाही. ही म्हण निवाडा करते की तक्रार, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. माझे आजोबा ती हताशपणे म्हणत. चावडीवर तीच ऐकवून लोकांची तोंडं बंद केलेलीही मी पाहिली आहेत.

नवऱ्याचं ते नवऱ्याचं, बायकोचं ते बायकोचं, ही शरियतची रीत मला मनापासून थोर वाटते. इंग्लंडमधल्या विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर असा पुरता हक्क 1882 च्या कायद्याने मिळाला. मुसलमान बाईला तो कितीतरी शतकं आधीपासून होता. पण जिची मेहनत दुसऱ्याच्या सातबाऱ्यात जिरते, तिच्या वेगळ्या खात्यात शिल्लक काय राहणार? शेजारच्या हिंदू बाईलाही संसारात उभ्या राहिलेल्या जमिनीत अर्धा वाटा आपसूक मिळत नाही. तिकडे गोव्यात मात्र 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि ते मुसलमानांनाही लागू आहे. इंडोनेशियात तर 1991 च्या इस्लामी कायद्याच्या संकलनातच कलम 97 आहे: घटस्फोटानंतर सामाईक मिळकतीचा अर्धा-अर्धा वाटा. तिथल्या आलिमांनी नवरा-बायकोच्या कष्टांत भागीदारी पाहिली. आपल्याकडे बाग बटईने दिली तर बटईदाराचा वाटा हंगामाआधीच ठरतो, तोही निव्वळ तोंडी बोलण्यावर.

सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दानियल लतीफी खटल्यात सांगितलं, की नवऱ्याने घटस्फोटानंतरच्या इद्दतच्या मुदतीतच बायकोच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करायची. ती नक्कीच मोठी गोष्ट होती. तरी तरतूद गरज बघून होते. आपांनी गरज सांगितलीच नव्हती, त्या झाडांबद्दल बोलत होत्या.

म्हणून अर्धी बाग त्यांची, असं मी मनाशी ठरवत आणते, आणि तिथेच पुन्हा अडते. वरच्या चार ओळी सासऱ्यांनी लावलेल्या. सासूबाईंनी त्याच बुंध्यांना आपांच्या आधी मोरचूद फासला, त्यांना तर कुणी तलाकही दिला नाही; त्यांचा वाटा कुठे धरायचा? विहिरीच्या कर्जावर सही नवऱ्याची. अर्ध्या बागेबरोबर अर्धं कर्जही आपांनी उचलायचं का? आणि ज्या वर्षी आंबिया बहार गळून जाईल, त्या वर्षी काय वाटायचं?