तळ्याकाठची पहाट : लिंबोटी आणि कंधार

मंगळवार, मुक्काम अहमदपूर
रात्री जेवण उरकून बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. डिसेंबरात इकडं सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे सहालाच काठावर हवं. लॉजवाल्याला लिंबोटीच्या धरणावर जायचंय म्हणालो, तर म्हणाला, "तिथं बगण्यासारखं काय हाय? पानीच हाय की." त्याच्या नळाला त्याच धरणाचं पाणी येतं. त्याला अप्रूप कसलं!

बुधवार
भिंत पलीकडं नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. सरकारी कागदावर हा ऊर्ध्व मानार प्रकल्प. लोकांच्या तोंडी मन्याड नदी आणि लिंबोटीचं धरण. मी अलीकडच्या फुगवट्यावर थांबलो.

अंधारात आधी टिटवी ओरडली. मग पाण्यावर वाफ दिसू लागली. रात्री माळ झटकन निवतो, पाणी मात्र ऊब धरून असतं. त्यावरची दमट हवा गार हवेत मिसळली की हे धुकं धरतं. आयएसओ १००, एफ ११, ट्रायपॉडचे पाय चिखलात. लेन्सवर सारखं दव. खिशातला रुमाल त्यातच भिजला.

सूर्य वर आला की सगळे कॅमेरे तिकडं वळतात. माझं मत उलटं आहे. केशरी गोळा कुठल्याही तळ्यावर तसाच दिसतो. सूर्य एका बाजूला ठेवून काठ बघावा. तिरप्या उजेडात ओसरत्या पाण्यानं सोडलेल्या रेघा एकाखाली एक उठून दिसतात: वरची पांढुरकी, भेगाळलेली, खालची काळी, ओली, तीत बगळ्याच्या पावलांचे ठसे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात पाण्याइतकाच त्याचा काठही फ्रेममध्ये हवा.

थर्माकोलच्या तराफ्यावरून एक भोई जाळं ओढत आला.
"काय काढायलाव, पाव्हणं?"
"काठ."
"काठाचा कोन फोटू काढतंय!" म्हणत हसला, आणि जाळ्यातला मरळ मात्र हौसेनं वर धरून दाखवला. तो फोटो हलला नाही, हे नशीब. आठनंतर उजेड पांढराफट्ट पडला. चहा पिऊन परत.

गुरुवार, कंधार
जगत्तुंग सागर. राष्ट्रकूटांच्या काळातलं तळं, हजार वर्षांहून जुनं. जवळच भुईकोट किल्ला आणि त्याचा खंदक. इथं धुकं नव्हतंच, वाराही होता, त्यामुळं प्रतिबिंबाचा नाद सोडला. आकाश लख्ख, काठ अजून काळोखात. एकाच एक्स्पोजरात दोन्ही मावेनात. पाठोपाठ तीन फ्रेम घेतल्या, उजळ, मधली, गडद. घरी जोडून बघेन. खरं तर मला ती गडदच आवडलीय.

उद्या बारूळचं धरण. भिंतीवर जाऊ देतात का, ते आधी विचारायला हवं.

(क्रमशः)