पांढऱ्या कडांचा रबर

मुलगी शिकायला पुण्याला गेली, तेव्हा तिचा रबर प्लांट माझ्या हवाली करून गेली. हिरव्या पानांना पांढरट कडा असलेला.

हा रबर वड, उंबर, अंजिराच्या कुळातला. मेघालयात खासी लोक याच झाडाची मुळे वळवून ओढ्यांवर जिवंत पूल घडवतात. आमच्या अंबडच्या घरात तो खिडकीजवळच्या कुंडीत असतो. उजेड भरपूर हवा, पण मे महिन्याचे कडक ऊन नको. वरची दोन बोटे माती सुकली की पाणी द्यायचे, ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसायची.

पावसाळ्यात त्याला एक संपूर्ण हिरवी फांदी फुटली आणि झपाट्याने वाढली. मी खूश होऊन फोटो पाठवला. लगेच फोन आला, "अम्मी, ती फांदी काप!"

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, तो अन्न बनवत नाही. म्हणून हिरवी फांदी जोर धरते आणि पांढऱ्या कडांच्या फांद्या मागे पडतात.

दोन दिवस हात धजावला नाही. अखेर बिस्मिल्लाह म्हणून फांदी बुडापासून कापली. पांढरा चीक गळला. त्याने खाज सुटते, म्हणून हात लगेच धुतले.

वर्गातही माझी नजर भराभर उत्तरे देणाऱ्यांवरच असायची. आता मागच्या बाकावरच्या सावकाश मुलींना आधी विचारते.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली, तेव्हा गुलाबी आवरणातून नवे पान उलगडत होते. कड पांढरी होती.