शर्यत संपल्यानंतर

दोन थोर गुणवंत एकाच काळात जन्माला आले नाहीत, की त्यांच्यांत श्रेष्ठ कोण हे ठरविण्याचा भार मागाहून येणारी माणसे आपणहून खांद्यावर घेतात. विजय मर्चंट श्रेष्ठ की सुनील गावसकर, या प्रश्नावर रात्री जागविणारे रसिक आम्ही पाहिले आहेत. क्रिकेटपटूंचे ठीक आहे. त्यांना निदान आपली बाजू मांडता येते, आठवणी लिहिता येतात. पण ज्याला बोलता येत नाही, आपण जिंकलो म्हणजे नेमके काय केले याचीही ज्याला बहुधा कल्पना नसते, अशा एका मुक्या जिवाविषयी हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तो जीव म्हणजे शर्यतीचा घोडा.

आमच्या घरी 'रेस' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. रेसच्या नादाने घरदार गमावलेल्या माणसांची नावे वडीलधारी मंडळी आम्हां मुलांना इशाऱ्यादाखल सांगत, आणि तो इशारा योग्यच होता. तरीही घोड्यांविषयीचे आमचे कुतूहल जागे झाले ते आमच्या थोरल्या मामांमुळे. ते गवताच्या वखारीवर कामास होते. पावसाळा सरला की माळावरचे गवत कापून, दाबून, त्याच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होत, आणि मालासोबत मामाही जात. त्यांनी आयुष्यात घोड्यावर एक पैसा लावला नाही. पण महालक्ष्मीचे घोडे त्यांना ठाऊक होते. कोणता घोडा जिंकला हे इतर लोक विचारीत. मामा मोतद्दारांना विचारीत ते वेगळेच : दोन वर्षांपूर्वी जिंकलेला तो अमुक घोडा आता कुठे आहे? या प्रश्नाला कधी उत्तर मिळे, तर कधी मोतद्दार नुसताच दुसरीकडे पाहू लागे. पुढे घोड्यांविषयी जे जे वाचनात आले, ते आम्ही मामांचा हा प्रश्न मनात धरूनच वाचले.

प्रथम श्रेष्ठत्वाचा वाद पाहू. १७६४ साली इंग्लंडात सूर्यग्रहणाच्या सुमारास एक शिंगरू जन्मले, म्हणून त्याचे नाव 'एक्लिप्स' ठेवण्यात आले. तो एकही शर्यत हरला नाही. पण त्या काळी चार-चार मैलांच्या फेऱ्या एकाच दिवशी पुन्हा पुन्हा धावाव्या लागत, आणि कधी कधी तर समोर उभे राहावयास प्रतिस्पर्धीच नसे. अशा घोड्याची आजच्या मैलभर धावणाऱ्या घोड्याशी तुलना कोणत्या मापाने करावयाची? अमेरिकेतील प्रख्यात 'बेलमाँट' शर्यतीचेच पाहा. १९२० साली 'मॅन ओ' वॉर' याने ती जिंकली तेव्हा तिचे अंतर एक मैल आणि तीन अष्टमांश होते, आणि त्याच्यासमोर एकच घोडा होता. १९७३ साली 'सेक्रेटॅरियट'ने ती जिंकली तेव्हा अंतर दीड मैल होते. नाव तेच राहिले, शर्यत बदलली.

घड्याळ तरी खरे बोलेल असे वाटते. सेक्रेटॅरियटने बेलमाँटचे दीड मैल २ मिनिटे २४ सेकंदांत तोडले आणि दुसऱ्या घोड्याला तब्बल ३१ लांब्या मागे टाकले. एक लांबी म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटापर्यंतचे अंतर. यावरून त्या विजयाची कल्पना यावी. परंतु त्याच वर्षी, त्याच घोड्याने जिंकलेल्या 'प्रीकनेस' शर्यतीत मैदानावरच्या विजेच्या घड्याळाने दगा दिला. अधिकृत वेळ प्रथम एक जाहीर झाली, मग दुसरी. वाद धुमसत राहिला. अखेर २०१२ साली जुनी चित्रफीत पुन्हा तपासून १ मिनिट ५३ सेकंद ही वेळ मान्य करण्यात आली. तोवर शर्यतीला ३९ वर्षे लोटली होती, आणि घोड्याला जाऊन २३. तिन्ही शर्यतींतील त्याचे विक्रम पन्नास वर्षांत कोणाला मोडता आले नाहीत. ज्याला त्या विक्रमाची वार्ता कधीच कळणार नव्हती, त्याच्यासाठी माणसांनी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यांचा हिशेब इतक्या चिकाटीने केला, याचे आम्हांस नवल वाटते.

वेळेहून मोठा घोळ वजनाचा आहे. घोडदौडीत अनेक शर्यती अशा असतात की जो घोडा अधिक चांगला, त्याच्या पाठीवर अधिक वजन चढवावयाचे, म्हणजे सर्वांना जिंकण्याची सारखी संधी मिळते. खोगिरात शिशाचे तुकडे घालून हे वजन भरतात. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला 'फार लॅप' ऑस्ट्रेलियात गाजला. मंदीच्या त्या वर्षांत कामाला मुकलेली साधी माणसे त्याच्यात आपला आधार पाहत होती. १९३० साली त्याने मेलबर्न कप ६२ किलोंहून अधिक ओझे वाहून जिंकला. जिंकला म्हणून पुढल्या वर्षी त्याच्यावर ६८ किलो चढविण्यात आले. तो आठवा आला. तक्त्यात त्या दिवसापुढे नुसता '८' हा आकडा दिसतो. पाठीवरचे ओझे शोधून वाचावे लागते. मॅन ओ' वॉर २१ शर्यती धावला आणि २० जिंकला. चौथ्या वर्षी त्याच्यावर आजवर कोणत्याही घोड्याने वाहिले नसेल इतके वजन येणार हे कळताच मालकाने त्याला शर्यतीतून निवृत्त केले. त्याच्या यशाची यादी आखूड आहे, ती यशाच्याच भारामुळे.

यावर उपाय म्हणून तज्ज्ञ मंडळी घोड्यांना गुण देतात. एका घोड्याला दुसऱ्याहून दोन गुण अधिक म्हणजे त्याने दोन पौंड अधिक वाहिले तर दोघे बरोबरीने पोहोचतील, असा त्याचा ढोबळ अर्थ. इंग्लंडचा 'डान्सिंग ब्रेव्ह' १९८६ साली १४१ गुणांवर होता आणि जागतिक क्रमवारीच्या इतिहासात तो वर्षानुवर्षे शिखरावर राहिला. पुढे 'फ्रँकेल' आला. २०१० ते २०१२ या काळात तो १४ शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. त्याला १४० गुण मिळाले. मग तज्ज्ञांनी जुनी मोजमापे सैल होती असे ठरवून २०१३ च्या जानेवारीत डान्सिंग ब्रेव्हचे गुण १३८ वर आणले आणि फ्रँकेल पहिला झाला. डान्सिंग ब्रेव्ह १९९९ सालीच जपानमध्ये मरण पावला होता. मेलेल्या घोड्याच्या पाठीवरून तीन पौंड उतरले. त्याला ना त्याचे सुख, ना दुःख. तज्ज्ञांनी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. त्यांची कारणे विचारपूर्वक दिलेली होती. पण ज्या मोजपट्टीवर आपण श्रेष्ठत्व मोजतो तीच मागाहून आखूड-लांब होते, एवढे यातून दिसते. आपल्याकडेही 'स्क्वांडरर' मोठा की 'इल्युसिव्ह पिम्परनेल', हा वाद महालक्ष्मीचे जाणकार घालतात, आणि तो सुटत नाही तो याच कारणाने.

तेव्हा वेगवेगळ्या काळांतील घोड्यांची तुलना करावयाचीच तर ती मामांच्या प्रश्नावर करावी, असे आम्हांस वाटू लागले. वारा, माती, अंतर, ओझे सारे बदलते. परंतु शर्यत संपल्यानंतर घोड्याचे काय झाले, हे दर काळी सारख्याच मापाने मोजता येते. त्या मापाने घोडा मोजला जात नाही, माणूस मोजला जातो, हेही त्याबरोबर ध्यानात ठेवावे.

मॅन ओ' वॉरच्या वाट्याला विल हार्बट नावाचा कृष्णवर्णीय मोतद्दार आला. वर्षामागून वर्षे हजारो माणसे केंटकीत तो घोडा पाहावयास येत, आणि हार्बट त्यांना त्याच्या पराक्रमाची कहाणी सांगे. १९४७ च्या ऑक्टोबरात हार्बट वारला. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस घोडाही गेला. तो तीस वर्षांचा होता. त्याच्या देहाला मसाला भरून तो लोकांच्या दर्शनासाठी ठेवण्यात आला, आणि अंत्यविधी नभोवाणीवरून ऐकविण्यात आला. इतका थाट कोणाला अतिरेकी वाटेल. पण त्या थाटामागे वर्षानुवर्षांची रोजची चाकरी होती हे विसरू नये.

फार लॅपचे तसे झाले नाही. १९३१ च्या त्या आठव्या क्रमांकानंतर त्याला समुद्रापार नेण्यात आले. १९३२ च्या मार्चमध्ये मेक्सिकोत त्याने मोठ्या बक्षिसाची शर्यत जिंकली, आणि ५ एप्रिल रोजी कॅलिफोर्नियात तो अचानक पोटशुळाने तळमळत मेला. त्याचा सेवक टॉमी वुडकॉक तेवढा जवळ होता. पुढे २००० नंतरच्या दशकात त्याच्या केसांची तपासणी झाली तेव्हा अखेरच्या काळात सोमलाची मोठी मात्रा पोटात गेल्याचे दिसले. ती कशी गेली याचा वाद मिटलेला नाही. मग देहाची वाटणी झाली. कातडे भरून मेलबर्नच्या संग्रहालयात, सांगाडा न्यूझीलंडात, आणि सहा किलोंहून अधिक वजनाचे ते विलक्षण मोठे हृदय कॅनबेऱ्यात ठेवण्यात आले. तिथे ते पाहावयास लोक रांगा लावतात. लोकांचे प्रेम खरे होते यात शंका नाही. पण ६८ किलो वाहणाऱ्या जिवंत घोड्यापेक्षा काचेमागचे हृदय सांभाळणे माणसाला सोपे गेले, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

जुना काळ निष्ठुर आणि नवा काळ दयाळू, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. 'एक्सेलर' या घोड्याने १९७८ साली न्यूयॉर्कच्या एका शर्यतीत 'सिअ‍ॅटल स्ल्यू' आणि 'अफर्म्ड' या दोघांनाही मागे टाकले. हे दोघे अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती एकाच वर्षी जिंकलेले विजेते होते. हा घोडा पैदाशीसाठी पुढे स्वीडनला गेला, मालकाचे दिवाळे निघाले आणि १९९७ साली त्याची रवानगी कत्तलखान्यात झाली. दोन वर्षांनी अमेरिकेच्या घोडदौडीच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव सन्मानाने कोरले गेले. 'फर्डिनांड'ने १९८६ ची केंटकी डर्बी जिंकली. पाठीवर ५४ वर्षांचे वयोवृद्ध जॉकी बिल शूमेकर होते. १९८७ साली तो अमेरिकेतील वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला. १९९४ साली तो जपानला विकला गेला. त्याच्यापासून चांगली शिंगरे निपजेनात, तसे त्याला हातोहात पुढे ढकलण्यात आले. एका पत्रकार बाईंनी शोध घेतला तेव्हा तो २००२ साली कत्तलखान्यात संपला असावा, असे २००३ साली उघडकीस आले. विजेत्यांची ही गत, तर जे कधीच जिंकले नाहीत त्यांची नावे कोण शोधणार?

या बातमीने अमेरिकेतील घोडदौडीच्या जगाला लाज वाटली, आणि ती लाज फुकट गेली नाही. निवृत्त घोड्यांसाठी निधी उभे राहिले. विक्रीच्या करारात, घोडा नकोसा झाला तर तो परत देण्याची अट काही मालक घालू लागले. मायकेल ब्लोवेन नावाच्या गृहस्थांनी, जे पूर्वी बोस्टनच्या वृत्तपत्रात चित्रपटांवर लिहीत, केंटकीत 'ओल्ड फ्रेंड्स' नावाचे निवृत्त घोड्यांचे आश्रयस्थान २००३ साली काढले. १९९७ च्या डर्बीचा विजेता 'सिल्व्हर चार्म' याला २०१४ साली आणि २००२ च्या डर्बीचा विजेता 'वॉर एम्ब्लेम' याला २०१५ साली जपानहून तिथे परत आणण्यात आले. त्यांनी तिथे कोणतीही शर्यत जिंकली नाही, शिंगरे दिली नाहीत, पैसा मिळविला नाही. त्यांनी गवत खाल्ले आणि उन्हात उभे राहिले. आमच्या मते या दोन घोड्यांचा परतीचा प्रवास हा घोडदौडीच्या इतिहासातील कोणत्याही ३१ लांब्यांच्या विजयाइतकाच मोठा आहे.

प्रेमाने वागविले म्हणजे सारे टळते असेही नाही. ऑस्ट्रेलियाची 'ब्लॅक कॅव्हिअर' घोडी २५ शर्यती धावली आणि पंचवीसही जिंकली. तिची निगा राखण्यात उणे राहिले असे कोणी म्हणणार नाही. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये, शिंगराला जन्म दिल्यावर थोड्याच काळात, खुरांच्या आतल्या दाहाने ती गेली. सेक्रेटॅरियटलाही १९८९ साली याच आजाराने नेले. ज्या खुरांनी जग जिंकले, त्याच खुरांवर उभे राहणे अखेरीस असह्य व्हावे, ही या जिवाची नियती आहे. सेक्रेटॅरियटच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मनाला समाधान देते. विजेत्या घोड्याचे केवळ मस्तक, हृदय आणि खूर पुरण्याची तिकडे रीत आहे. त्याला अखंड पुरण्यात आले.

श्रेष्ठ कोण, हा वाद चालू राहील, आणि आम्हीही तो आवडीने ऐकू. मात्र तो घालणाऱ्या जाणकारांनी आपल्या तक्त्यात आणखी एक रकाना आखावा, अशी आमची नम्र सूचना आहे. वेळ, अंतर, ओझे, गुण यांच्या पुढे त्या रकान्यात एवढेच लिहावे की हा घोडा धावेनासा झाल्यावर त्याला दाणावैरण कोणी दिली, आणि तो कोणाच्या डोळ्यांसमोर मेला. पुष्कळ मोठ्या नावांपुढे तो रकाना कोरा राहील. आणि कोण जाणे, असा रकाना एकदा आखावयाची सवय लागली, की घोड्यांच्या तबेल्यापाशीच तो थांबणार नाही. ज्यांनी आपल्यासाठी आयुष्यभर ओझे वाहिले आणि आता जी अंगणात एका कडेला बसून असतात, त्या माणसांच्या नावांपुढेही आपल्याला तो भरावा लागेल.