पुलावरची पाटी



जूनमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग पुन्हा सुरू झाले, तेव्हा दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांनी पहिल्याच रविवारी मला घेरलं. "सर, ज्वालामुखी बघितलात काय? आग दिसली काय?" मी फोनवरचे फोटो दाखवले, माकडांचं ओरडणं ऐकवलं. मुलं खूश झाली. पण त्या प्रवासातली खरी गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. मुलं लहान म्हणून सांगितली नाही की मला लाज वाटली म्हणून, हे देवालाच ठाऊक. ती आज तुमच्यापुढे मांडतो.

भाचीच्या ग्रॅज्युएशनसाठी मी गेल्या मे महिन्यात ह्यूस्टनला ताईकडे गेलो होतो. ताई तिथे नर्स आहे. तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून भावोजींनी दोघांसाठी मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशाची सहल ठरवली होती. भाड्याची गाडी घ्यायची, आपणच चालवायची आणि आठ दिवसांत ज्वालामुखी, पावसाचं जंगल आणि समुद्रकिनारे बघून यायचं. निघायच्या आठवडाभर आधी भावोजी पाय घसरून पडले आणि त्यांच्या मनगटाला प्लॅस्टर लागलं. हॉटेलांचे पैसे परत मिळणार नव्हते. ते म्हणाले, "तुम्ही दोघं भावंडं जा." प्लॅस्टर घालूनही शेजारी बसून जाता येतं, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं. भावोजींनी काय साधलं, ते आता समजतं.

कारण ताईचं आणि माझं नीट बोलणं होत नव्हतं. फोन व्हायचा. "कशी आहेस?" "बरी आहे." "पाऊस आहे काय बेळगावात?" एवढंच. आमची आई तीन वर्षं अंथरुणावर होती आणि २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या लाटेत, देवाघरी गेली. तिचं सगळं मी आणि माझ्या बायकोने केलं. ताई येऊ शकली नाही. दफनविधीच्या संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा मी म्हणालो, "पैसे पाठवून आई सांभाळता येत नाही." ती काही बोलली नाही. त्यानंतर मी दर रविवारी मुलांना क्षमेवर धडे शिकवले आणि ते वाक्य तसंच ठेवलं. माझ्या मते ते खरं होतं, आणि खरं बोलल्याबद्दल माफी कशाला मागायची?

सान होसेच्या विमानतळावर गाडी घेतली. तिथे अमेरिकेसारखंच रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात आणि चाक डावीकडे असतं. मी उजवीकडे बसलो. बेळगावात चालवणाऱ्याची जागा हीच. वीस वर्षं मी याच बाजूला बसून गाडी चालवली आहे. इथे जागा माझी, पण समोर चाक नाही. प्रत्येक वळणावर माझा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. ताईने दोन वेळा बघितलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "पायाखालची गादी फाडशील." प्रवासातलं आमचं पहिलं हसणं ते.

पहिला मुक्काम ला फोर्तुना गावात होता. गावावर आरेनाल हा डोंगर उभा आहे, सुमारे १,६७० मीटर उंच, घडी घातलेल्या छत्रीसारखा निमुळता. पहिला दिवसभर तो ढगात होता. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला खिडकीतून अचानक पूर्ण दिसला आणि वीस मिनिटांनी पुन्हा ढगात गेला. आता त्यातून आग निघत नाही, २०१० पासून तो शांत आहे. मला आगीपेक्षा त्याची कहाणी लागली. शेकडो वर्षं तो गप्प होता. लोक त्याला ज्वालामुखी म्हणतच नसत, नुसती टेकडी म्हणत. पायथ्याशी शेती करत, गुरं चारत. २९ जुलै १९६८ च्या सकाळी तो फुटला. ताबाकोन आणि पुएब्लो नुएव्हो ही गावं गेली आणि ऐंशीच्या आसपास माणसं मेली. वरून झाडी हिरवी होती आणि आत सगळं तापलेलं होतं.

त्याच ताबाकोनच्या जागेवर आज गरम पाण्याची नदी वाहते. मोठ्या हॉटेलात त्याचे भरपूर पैसे पडतात, पण रस्त्याच्या पुलाजवळून खाली उतरलं की गावकरी फुकट डुंबतात. आम्हीही उतरलो. आजूबाजूला पोरंबाळं, म्हातारी माणसं, कुणी डबा घेऊन आलेलं. पाणी डोंगराच्या पोटातल्या उष्णतेनं तापलेलं. मी ताईला १९६८ ची गोष्ट सांगितली. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "गप्प होता म्हणून लोकांना वाटलं, टेकडी आहे." तिचं बोलणं डोंगराबद्दलच होतं की काय, मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही मोन्तेव्हेर्देला निघालो. नकाशावर ही दोन ठिकाणं अगदी शेजारी, सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर. पण मध्ये आरेनालचा तलाव आणि डोंगर. तलावाला वळसा घालून गाडीला चार तास लागतात. वीज करण्यासाठी १९७९ मध्ये धरणामुळे हा तलाव मोठा झाला, तेव्हा जुनं आरेनाल गाव पाण्याखाली गेलं आणि लोकांनी वर नवं वसवलं. काठाने जाणाऱ्या रस्त्यावर जंगल थेट काचेशी येतं. कोआती नावाचे लांब नाकाचे, शेपटी उभी धरून चालणारे प्राणी रस्त्यातच खाऊ मागत उभे होते. पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांची हिरवी रांग डांबर ओलांडत होती, तर ताईने गाडी थांबवून तिला जाऊ दिलं.

या रस्त्यावर एकेरी पूल पुष्कळ. एका वेळी एकच गाडी जाईल एवढेच. प्रत्येक पुलाच्या एकाच टोकाला एक उलटा त्रिकोण असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं : सेदा एल पासो. म्हणजे वाट द्या. ज्या बाजूला पाटी, त्याने थांबायचं. आपल्याकडे जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाताना अरुंद पूल आला की काय करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. लांबूनच दिवे मारायचे. ज्याने आधी मारले, त्याचा पूल.

दुपारी पाऊस सुरू झाला. एका पुलाशी पाटी आमच्या बाजूला होती. समोरून एक ट्रक आला. मग बस. मग तीन गाड्या. मग आणखी एक ट्रक. वायपर हलत होते आणि आम्ही थांबलो होतो. मी चिडलो. "ताई, घाल की गाडी. आपण किती थांबायचं? त्यांनी नको का थांबायला?"

ती शांतपणे म्हणाली, "त्यांच्या बाजूला पाटी नाही रे. त्यांना दिसणार कशी? पाटी आपल्याला आहे."

वर्गात मी उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायातली अब्राहाम आणि लोट यांची गोष्ट कितीदा तरी सांगितली आहे. दोघांच्या गुराख्यांत भांडण झालं. अब्राहाम वयाने, मानाने मोठा. वचनही त्यालाच मिळालेलं. आधी निवडायचा हक्क त्याचा. पण त्याने पुतण्याला सांगितलं, आधी तू निवड. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. मुलं दरवेळी विचारतात, "सर, चांगली जमीन लोटने घेतली, मग अब्राहामाचं नुकसान नाही झालं?" मी पुस्तकातलं उत्तर देतो. त्या पुलाशी ते उत्तर मला पहिल्यांदा समजलं. इतकी वर्षं मी ताईच्या बाजूची पाटी शोधत होतो. तिने आधी बोलावं, तिने आधी समजून घ्यावं. आणि पाटी माझ्या बाजूला, डोळ्यांसमोर उभी होती.

मी काचेकडे बघत म्हणालो, "ताई, आईच्या वेळी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. मला माफ कर." एवढंच जमलं. वर्गात अर्धा तास बोलणारा माणूस मी.

ती काही बोलली नाही. चाकावरचे हात घट्ट झालेले दिसले. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला एक मोठा ट्रक आला, थांबला आणि त्याने दिवे लुकलुकवले. सवयीनं मी ओरडलो, "थांब, तो येतोय!"

"नाही," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "तो आपल्याला जा म्हणतोय."

तसंच होतं. हक्क त्याचा होता, पाटी त्याला नव्हती, तरी तो आमच्यासाठी पावसात थांबला होता. आम्ही पूल ओलांडला. त्याच्या शेजारून जाताना ड्रायव्हरने हात वर केला. प्रभू येशूबद्दल संत पौल फिलिप्पैकरांना जे लिहितो, ते मला तिथे आठवलं : देवाच्या बरोबरीचा असून तो त्या हक्काला धरून बसला नाही, त्याने स्वतःला रिकामं केलं. पाटी असताना थांबणं हे कर्तव्य. पाटी नसताना थांबणं ही कृपा.

त्या रात्री मोन्तेव्हेर्देच्या थंडीत, ढग अंगणात उतरलेले असताना, भात, काळा घेवडा आणि तळलेली केळी समोर ठेवून ताई बोलली. आई गेली त्या रात्री ती ड्यूटीवर होती. ज्यांच्या घरच्यांना आत यायची परवानगी नव्हती, अशा म्हाताऱ्या बायकांचे हात धरून ती उभी राहायची. आईच्या अंत्यविधीची मिस्सा तिने हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, फोनवर बघितली आणि पुन्हा आत गेली. "तू बोललास ते थोडं खरं होतं," ती म्हणाली, "म्हणूनच लागलं." चार वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तू त्या दिवशी कुठे होतीस?

मोन्तेव्हेर्देचं जंगल ढगांवर जगतं. झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे, ऑर्किड, आणि पाऊस नसतानाही पानांतून थेंब गळत राहतात. ते वाचवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्यांची कथा आपण ख्रिस्ती लोकांनी ऐकावी अशी आहे. कोस्टा रिकाने १ डिसेंबर १९४८ रोजी आपलं सैन्य बरखास्त केलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या आलाबामा राज्यात क्वेकर पंथाच्या काही तरुणांनी, शुभवर्तमानाला धरून, सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला आणि तुरुंग भोगला. ती मंडळी १९५१ मध्ये कुटुंबांसह या बिनसैन्याच्या देशात आली, या डोंगरावर दूध-चीजचा धंदा करू लागली, आणि झऱ्यांच्या उगमाकडचं जंगल त्यांनी तोडलं नाही. पुढे १९७२ मध्ये तिथे राखीव जंगल झालं. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या शाळेतल्या मुलांनी पैसे जमवून इथलं थोडं जंगल विकत घेतलं. मग अनेक देशांतली मुलं त्यात आली. आज त्याचं नाव 'मुलांचं चिरंतन जंगल' असं आहे. ही गोष्ट मात्र मी माझ्या वर्गाला सांगितली. आता मुलं विचारतात, "सर, आपण काय घ्यायचं?" उत्तर अजून शोधतो आहे.

पुढचे दिवस समुद्राचे. तार्कोलेस नदीच्या पुलाखाली मगरी ओंडक्यांसारख्या पडलेल्या बघितल्या. मानुएल आन्तोनियोला जंगल थेट वाळूवर उतरतं, आणि झाडावर एक स्लॉथ तासाभरात एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला. ताई आणि मी त्याच्याखाली बसून आईच्या आठवणी काढल्या. आई तिरक्या डोळ्यांनी रोझरीचे मणी मोजत आमच्यावर नजर ठेवायची, तिची नक्कल ताईने केली.

शेवटच्या दिवशी आम्ही कार्तागोला गेलो. तिथल्या बॅसिलिकात पवित्र मरियेची वीतभर उंचीची काळसर दगडी मूर्ती आहे. लोक तिला लाडाने ला नेग्रिता, म्हणजे सावळी, म्हणतात. परंपरा सांगते की २ ऑगस्ट १६३५ रोजी सरपण गोळा करणाऱ्या एका गरीब मुलीला ती सापडली, शहराबाहेर, जिथे शहरात राहू न दिलेले लोक राहत. दरवर्षी त्या सणाला हजारो लोक सान होसेहून सुमारे बावीस किलोमीटर चालत येतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. दारापासून वेदीपर्यंत काही माणसं गुडघ्यांवर चालली होती. ताईचे गुडघे दुखतात, तरी ती खाली बसली. मी तिच्या शेजारी बसलो. आम्ही सावकाश पुढे सरकलो. एका जागी ती थांबली, तिथे मीही थांबलो.

बॅसिलिकामागे झरा आहे. लोक बाटल्या भरून नेतात. ताईने एक लहान बाटली भरून माझ्या बॅगेत ठेवली. जूनच्या पहिल्या पावसात मी ती घेऊन आईच्या कबरीवर गेलो. व्हिडिओ कॉल लावला, फोन उभा धरला आणि ताईच्या नावाने पाणी शिंपडलं. पलीकडे ह्यूस्टनमध्ये रात्र होती. या वेळी ती पार्किंगमध्ये नव्हती, घरी होती.

बंधुभगिनींनो, ज्वालामुखी बघायला एवढं लांब जायची गरज नाही. घराघरांत टेकड्या आहेत, वरून हिरव्या, आतून तापलेल्या. वेदीवर दान ठेवण्याआधी जाऊन भावाशी समेट कर, असं प्रभूने सांगितलं. समोरच्याच्या बाजूला पाटी आहे की नाही, हे त्याने विचारायला सांगितलं नाही. ज्याच्याशी तुमचं बोलणं "पाऊस आहे काय" एवढ्यावर आलं आहे, त्याला या रविवारच्या मिस्साआधी फोन करा. आणि तुमच्या बाजूला पाटी नसेल, तर त्या ट्रकवाल्यासारखे दिवे लुकलुकवा.

हे प्रभो, आम्ही बरोबर आहोत, या हट्टातून आम्हाला सोडव. आमच्या बाजूची पाटी वाचायला दृष्टी दे, थांबायला धीर दे, आणि कुणी आमच्यासाठी थांबलं तर ते ओळखायला नम्र मन दे. आमेन.