जात्याची लय आणि यंत्राचा अभ्यास

लय शिकविता येते की ती केवळ अंगी बाणावी लागते, हा प्रश्न आपल्याकडील संगीतचर्चेला नवा नाही. आता तो यंत्राच्या संदर्भात विचारला जात आहे एवढेच. म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागात प्रस्तुत लेखकाच्या शेजारी राहणारा एक तरुण अभियंता मृदंग शिकणाऱ्या मुलांसाठी संगणकाची एक आज्ञावली रचीत आहे. ती नुसते ठोके मोजणारी नव्हे. मुलाचे वादन ऐकून पुढचा आघात केव्हा पडेल याचा तिने अंदाज बांधावा, अंदाज चुकला की तो सुधारावा, आणि अशा नित्याच्या सरावातून तिला कालाची जाण यावी, असा त्याचा हेतू आहे. आपल्या कामाचे वर्णन करताना तो कन्नडमधील 'अभ्यास' हा शब्द वापरतो. मराठीत अभ्यास म्हणजे अध्ययन. कन्नडमध्ये त्याच शब्दाने सराव आणि सवय या दोहोंचाही बोध होतो. यंत्राच्या वाट्याला यांपैकी कोणता अभ्यास येतो, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रयत्नाला एक महत्त्वाचा पूर्वाधार आहे. १९८० नंतरच्या दशकात जेम्स किप्पन हे अभ्यासक लखनौ घराण्याचे खलिफा आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांच्या सहकार्याने बर्नार्ड बेल यांनी 'बोल प्रोसेसर' नावाची आज्ञावली लिहिली. कायदा आणि त्याचे पलटे यांची रचना नियमबद्ध असते, तेव्हा तिचे व्याकरण मांडता यावे, असे हे गृहीत होते. चॉम्स्कीप्रणीत भाषाविचाराशी त्याचे नाते उघड आहे. संगणकाने नियमांनुसार नवे पलटे रचावयाचे, उस्तादांनी ते ऐकून ग्राह्य की अग्राह्य ते सांगावयाचे, आणि त्या निर्णयानुसार नियम दुरुस्त करावयाचे, अशी ही पद्धत होती. वाक्य शुद्ध की अशुद्ध हे भाषक चटकन सांगतो, मात्र कारण विचारल्यास अडखळतो. गुरूचेही तसेच असते. त्याचे ज्ञान नियमांच्या रूपाने साठविलेले नसते. ते निवाड्यातून प्रकट होते.

या आज्ञावलीत नियमांना भार देण्याची सोय होती. ग्राह्य ठरलेल्या पलट्यांचे विश्लेषण करताना जो नियम वारंवार उपयोगात येई त्याचा भार वाढे, आणि पुढील रचनेत तो निवडला जाण्याचा संभव अधिक होई. यंत्राच्या सवयीचे हे अगदी प्रांजळ रूप म्हणावयास हरकत नाही. आजच्या आज्ञावल्या कितीतरी पटींनी मोठ्या झाल्या आणि त्यांना हाताने लिहिलेल्या नियमांची गरज उरली नाही. तरी उदाहरणांच्या पुनरावृत्तीतून भार घडविणे हे त्यांचेही मुख्य साधन आहे. मात्र त्या व्याकरणाला ठाऊक होते ते बोलांचा क्रम आणि त्यांची मात्रा. मात्रेच्या आत बोट किंचित आधी पडते की मागे रेंगाळते, हे त्याच्या कक्षेबाहेरच होते.

ही कक्षा कोठे संपते ते मृदंगाची शिकवणी पाहिल्यास ध्यानात येते. आदितालाची आठ अक्षरे मूल प्रथम हाताने धरते: एक थाप, मग करंगळी, अनामिका व मध्यमा यांची गणना, आणि नंतर थाप व विसर्जित यांची जोडी दोनदा. हात हे करीत असताना मुखाने बोल म्हणावयाचे, आणि हात तसाच ठेवून त्या बोलांची गती बदलावयाची. काही महिन्यांनी हाताकडे लक्ष द्यावे लागत नाही, आणि मन बोलांसाठी मोकळे होते. या सवयीचे सामर्थ्य विस्मरणात आहे. हात काल सांभाळतो म्हणून मुख त्याच्याशी खेळू शकते.

आज्ञावलीला पाठांतराबाहेरची लयही ऐकवावी म्हणून शेजाऱ्याने लेखकाकडे जात्यावरच्या ओव्या मागितल्या. निपाणीकडील मावशींच्या ओव्या पूर्वी एका वहीत उतरून घेतलेल्या होत्या. त्यांतील काही त्याने आज्ञावलीला दिल्या, आणि तिने अक्षरे सारख्या अंतरावर बसवून त्या म्हणून दाखविल्या. शब्द सारे जागच्या जागी होते; ऐकू येत होता तो पाढा.

याचे कारण यंत्रात शोधण्यापूर्वी वहीत शोधणे न्याय्य ठरेल. ओव्यांची कोणतीही टिपणवही पाहिली तर तीत चरण नेटके मांडलेले असतात. पण गाताना बाई चरणाच्या मध्ये 'गं' घालते, 'बाई' घालते, अर्धा चरण पुन्हा घेते, एखादा स्वर लांबविते. संग्राहक हे सारे पाल्हाळ समजून वगळतो. वस्तुतः तो 'गं' दगडाच्या फेऱ्यासाठी असतो. खुंटा अंगाकडे ओढताना जोर लागतो आणि दूर जाताना हात सैल होतो. मूठभर वैरण तोंडात घालताना फेरा मंदावतो. समोर जोडीदारीण बसली की ओढ वाटली जाते आणि चाल बदलते. अक्षरसंख्येच्या बाबतीत ओवी सैल असते असे छंदःशास्त्र सांगते. तिचे बंधन अक्षरांत नसून जात्यात आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

ही गोष्ट आपल्या परंपरेने फार पूर्वी नोंदविली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. त्याची राजधानी आजच्या कर्नाटकात. मराठी ओवीचा हा प्राचीन दाखला कन्नड भूमीवरून मिळावा, याचा म्हैसूरला राहणाऱ्या मराठी माणसाला आनंद वाटतो. परंतु त्याहून मोलाची गोष्ट ही की, राजाने गीताबरोबर कामही सांगितले. 'काय गातात' याला 'काय करताना' ची जोड दिली नाही तर नोंद अपुरी राहते, हे त्याला कळले होते.

आपल्या काळात हे भान राखणारे काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी केले. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'बोल प्रोसेसर' रचणारे बर्नार्ड बेलच पुढे या कामात आले आणि त्यांनी गायिकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळावर हा संग्रह लिखित पाठ, ध्वनी आणि चित्रण यांसह प्रसिद्ध होत आला आहे. बोलांचे व्याकरण लिहिणारा संशोधक दळणाऱ्या बाईचा आवाज टिपण्यासाठी गावोगाव जातो, यात विसंगती नाही. चिन्हांनी जे धरता येते ते धरून झाल्यावर उरलेले धरण्यासाठी आवाजाकडेच जावे लागते.

मावशी आता ८६ वर्षांच्या आहेत. गावात गिरणी आली तेव्हापासून जाते कोपऱ्यात उभे आहे. नुसते विचारले तर त्यांना दोन-तीन ओव्यांपलीकडे आठवत नाही. पुढ्यात पाट ठेवून त्यावर हात गोल फिरविला की मात्र एकामागून एक ओवी येऊ लागते, आणि तीही 'गं' आणि 'बाई' यांसह. पतंजलीच्या पद्धतीने म्हणावयाचे तर येथे अभ्यास दीर्घकाल आणि निरंतर झालेला आहे. त्याचे स्थान स्मृतीइतकेच मनगटात आहे.

यंत्राला लय शिकविता येईल का, याचे उत्तर म्हणूनच बरेचसे आपल्या हातात आहे. यंत्राची सवय ही इतरांच्या सवयींची बेरीज असते. बेरजेत जे मांडलेच नाही ते उत्तरात येणार नाही. आपण त्याला निवडून पाखडून शुद्ध केलेले पाठ दिले तर ते पाढेच म्हणेल. त्यापूर्वी त्याला दगडाची घरघर, थांबलेला हात, भरीचे शब्द आणि मध्येच घेतलेला श्वास ऐकविला पाहिजे. एवढे करूनही त्याच्या मनगटाला दगडाचे ओझे कधी लागणार नाही, हा भेद राहीलच. परंतु ते ओझे ज्यांनी उचलले त्यांच्या गळ्यातील लय पुढच्या पिढीच्या कानी पडण्यासाठी यंत्र उपयोगी पडू शकते. लोकगीतांचे संपादन करणाऱ्या अभ्यासकांनी यापुढे भरीचे शब्द गाळू नयेत, आणि प्रत्येक ओवीशेजारी ती कोणते काम करताना, एकटीने की जोडीने गाइली गेली, हे लिहावे. हे काम लगेच हाती घेतले पाहिजे. कारण ज्यांच्या हातांना फेरा ठाऊक आहे अशा बाया आता थोड्या उरल्या आहेत.